अंधारं दार आणि ४० किलोचा आरसा

पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) आणि गुरुत्वाकर्षण यांची गाठ कुठे पडते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: प्लांक लांबीवर, म्हणजे साधारण १० चा उणे ३५ वा घात इतक्या मीटरवर, जिथे कुठलंही यंत्र पोचत नाही. उत्तर बरोबर आहे, पण त्याच्याआड एक फार सुंदर गोष्ट झाकली जाते. या दोन विषयांची एक गाठ रोज पडते, ती मोजता येते, आणि ती ४० किलोच्या काचेच्या आरशावर पडते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो वेधशाळांत गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लहर, टिपायची तर आधी रिकाम्या पोकळीचा गोंगाट कमी करावा लागतो. हे काम कसं चालतं, त्यात काय काय बिघडतं आणि का, ते इथे नीट मांडतो.

आधी माप समजून घेऊ. १४ सप्टेंबर २०१५ ला जी पहिली गुरुत्वीय लहर पकडली गेली, तिने लांबीत केलेला बदल होता १० चा उणे २१ वा घात, म्हणजे मीटरमागे इतका मीटर. लायगोची प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. गुणाकार केला तर ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात इतके मीटर येतात. प्रोटॉनच्या व्यासाचा हा साधारण चारशेवा भाग. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची ही इथे पोचलेली खूण. संकेत साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेला आणि २ दशांश सेकंदात संपला.

यंत्राची मूळ कल्पना जुनीच, मायकेलसनच्या व्यतिकरणमापीची (इंटरफेरोमीटरची). १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर बीमस्प्लिटरवर पडतो, दोन भुजांत विभागतो, टोकाच्या आरशांवरून परततो आणि पुन्हा बीमस्प्लिटरवर एकत्र येतो. भुजांची लांबी अशी राखतात की परतलेला जवळपास सगळा प्रकाश लेझरच्याच दिशेने मागे जावा आणि दुसऱ्या बाजूला अंधार राहावा. त्या बाजूला डार्क पोर्ट म्हणतात. मी त्याला अंधारं दार म्हणतो. (अगदी काळोख नसतो. मोजणीसाठी मुद्दाम थोडा प्रकाश सांडू देतात.) गुरुत्वीय लहर एक भुजा ताणते, दुसरी आखडते, आणि अंधाऱ्या दारातल्या उजेडात फरक पडतो. तो फोटोडायोडवर मोजायचा.

मग अडतं कुठे? प्रकाश फोटॉनांचा बनलेला आहे, आणि फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. सरासरी दहा हजार येणार असतील तर प्रत्यक्षात शंभरेक इकडेतिकडे होणारच. हा शॉट नॉइज. संख्या वाढवली की चढउतार वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो, म्हणून तुलनेने तो लहान होत जातो. उपाय सरळ दिसतो: प्रकाश वाढवा. भुजांत आरशांच्या जोड्या लावून तोच प्रकाश शेकडो वेळा खेळवतात, परत येणारा प्रकाश आणखी एका आरशाने पुन्हा आत ढकलतात, आणि काही दहा वॅटच्या लेझरमधून भुजेत ३०० किलोवॅटच्या आसपास शक्ती साठवतात.

मात्र या स्पष्टीकरणात एक खोच आहे. लेझरमधला चढउतार दोन्ही भुजांना सारखाच मिळतो, आणि दोघींत समान असलेलं सगळं लेझरकडे परत जातं. मग अंधाऱ्या दारापाशी गोंगाट येतो कुठून? १९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी याचं उत्तर दिलं आणि या क्षेत्राची दिशाच बदलली. गोंगाट अंधाऱ्या दारातूनच आत शिरतो. त्या बाजूने कोणीही प्रकाश सोडलेला नाही. पण पुंजभौतिकीत ‘प्रकाश नाही’ याचा अर्थ ‘विद्युतचुंबकीय क्षेत्र शून्यावर शांत बसलं आहे’ असा होत नाही. पोकळीतही क्षेत्राची थरथर उरतेच. ती थरथर दारातून येते, बीमस्प्लिटरवर विभागते, आणि एका भुजेत लेझरच्या लहरीत मिळवली जाते तर दुसरीत वजा होते. म्हणजे हुबेहूब गुरुत्वीय लहरीसारखीच वागते. यंत्राला दोघींत फरक करता येत नाही.

ही थरथर दोन तऱ्हांनी नडते. प्रकाशलहरीला दोन अंगं असतात: आयाम, म्हणजे तिचा जोर, आणि कला, म्हणजे तिची वेळ. कलेतली थरथर शॉट नॉइज म्हणून दिसते. आयामातली थरथर आरशावर पडणाऱ्या दाबात चढउतार आणते, आणि आरसा खरोखर हलतो. ढोबळ हिशेब करून पाहू. १०६४ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.८७ गुणिले १० चा उणे १९ वा घात ज्यूल. म्हणजे ३०० किलोवॅटमध्ये सेकंदाला १.६ गुणिले १० चा २४ वा घात इतके फोटॉन आरशावर आपटतात. त्यांचा सरासरी जोर २ मिलिन्यूटन, फक्त ०.२ ग्रॅम वजनाएवढा. तो स्थिर असल्याने तोल सांभाळून निभावतो. पण एक शतांश सेकंदात येणाऱ्या फोटॉनांच्या संख्येत वर्गमुळाएवढा, म्हणजे सव्वाशे अब्जांचा, चढउतार होतो. प्रत्येक फोटॉन परावर्तित होताना १.२५ गुणिले १० चा उणे २७ वा घात इतका संवेग देतो. गुणाकार करून ४० किलोने भागलं तर सेकंदाला ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात मीटर हा वेग मिळतो, आणि त्या शतांश सेकंदात आरसा १० चा उणे २० वा घात मीटर या पातळीवर सरकतो. हा अंदाज थोडा कमीच आहे, कारण तोच चढउतार भुजेत पुन्हा पुन्हा आपटत राहतो. तरी कोटी बरोबर येते: २०२० मध्ये लायगोच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत पुंज थरथरीने आरसे १० चा उणे २० वा घात मीटर इतके हलत असल्याचं दिसलं. ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाडीचा, ०.४ मिलिमीटरच्या चार काचतंतूंवर टांगलेला हा आरसा. ‘पुंज परिणाम फक्त अणूंवर दिसतात’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून काढून टाकायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

आता पेच लक्षात येईल. प्रकाश वाढवला तर शॉट नॉइज घटतो, पण आरशावरचा दणका वाढतो. एका ठरावीक वारंवारितेला दोन्ही मिळून जी किमान पातळी उरते तिला प्रमाणित पुंज मर्यादा म्हणतात. सूत्र सुटसुटीत आहे. प्लांकचा स्थिरांक २π ने भागून घ्या, त्याला ८ ने गुणा, आरशाचं वस्तुमान, कोनीय वारंवारितेचा वर्ग आणि भुजेच्या लांबीचा वर्ग या तिघांच्या गुणाकाराने भागा, आणि वर्गमूळ काढा. ४० किलो, १०० हर्ट्झ आणि ४ किलोमीटर घातले की १.८ गुणिले १० चा उणे २४ वा घात येतो, प्रति वर्गमूळ हर्ट्झ. वस्तुमान छेदात आहे, म्हणून आरसे इतके जड.

केव्ह्जनी गोंगाटाचं दार दाखवलं, तसा उपायही दाखवला. पोकळीची थरथर नाहीशी करता येत नाही, हायझेनबर्गचा नियम आडवा येतो. पण तो नियम दोन अंगांच्या अनिश्चिततेच्या गुणाकारावर आहे. एक अंग आखडून दुसरं फुगू दिलं तर चालतं. फुगा एका बाजूने दाबावा तसं. यालाच स्क्वीझिंग म्हणतात. साधी पोकळी दारातून आपोआप येत होती, तिच्याऐवजी आपण तयार केलेली दाबलेली पोकळी आत सोडायची.

ती कशी बनते ते झोक्यावरून छान कळतं. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून झोका चढवताना आपण वाकतो आणि उठतो, आणि एका पूर्ण हेलकाव्यात हे दोनदा करतो. मागून ढकलणारं कोणी लागत नाही. वाकण्या-उठण्याची वारंवारिता झोक्याच्या दुप्पट असते. गंमत अशी की वेळ जुळली तर झोका चढतो, आणि तीच क्रिया पाव हेलकावा उशिरा केली तर झोका मंदावतो. म्हणजे एका वेळेचं आंदोलन वाढतं, दुसऱ्या वेळेचं आखडतं. स्क्वीझिंग हेच आहे, फक्त झोक्याच्या जागी पोकळीची थरथर.

प्रत्यक्ष मांडणी अशी. मुख्य लेझरशी कला जुळवलेला १०६४ नॅनोमीटरचा दुसरा लेझर घेतात. त्याचा काही भाग वारंवारिता दुप्पट करणाऱ्या स्फटिकातून नेला की ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मिळतो. दुप्पट वारंवारितेचा हा हिरवा प्रकाश म्हणजे आपलं वाकणं-उठणं. तो आरशांमधल्या बंदिस्त जागेत, म्हणजे कॅव्हिटीत, बसवलेल्या केटीपी जातीच्या स्फटिकात सोडतात. स्फटिक साधारण सेंटिमीटरभर लांब, आत ठरावीक अंतराने दिशा उलट केलेले पट्टे. हिरव्या एका फोटॉनचे कधीमधी दोन अवरक्त फोटॉन होतात, आणि ते एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. हिरव्याची शक्ती मुद्दाम लेझिंगच्या उंबरठ्याखाली ठेवतात. उंबरठा ओलांडला तर झगझगीत किरण निघेल, आणि आपल्याला किरण नको आहे. बाहेर पडते ती जवळपास काळोखी, दाबलेली पोकळी. फॅरडे आयसोलेटर तिला अंधाऱ्या दारातून आत नेतो आणि परतलेल्या संकेताला मोजणीकडे वळवतो.

किती दाबली ते डेसिबलमध्ये सांगतात. ३ डेसिबल म्हणजे गोंगाटाची शक्ती निम्मी, १० डेसिबल म्हणजे दहावा भाग. टेबलावरच्या प्रयोगात २०१६ मध्ये हॅनोव्हरच्या गटाने १५ डेसिबल मिळवले. लायगोत २०१९ मध्ये तिसऱ्या निरीक्षणपर्वात स्क्वीझिंग नियमित सुरू झालं तेव्हा हॅनफर्डला सुमारे २ आणि लिव्हिंग्स्टनला २.७ डेसिबल मिळत होते. मधले डेसिबल गेले कुठे, हा प्रश्न या विषयाचा गाभा आहे.

पहिलं कारण ऱ्हास. दाबलेली पोकळी जिथे जिथे थोडी सांडते, तिथे तिथे तेवढीच साधी पोकळी आत मिसळते. निसर्ग रिकामी जागा ठेवत नाही. नियम सोपा: उरलेला गोंगाट म्हणजे (पोचलेला अंश गुणिले मूळ गोंगाट) अधिक (सांडलेला अंश). समजा वाटेत १२ ठिकाणी प्रत्येकी ३ टक्के सांडतं: आयसोलेटर, भिंगं, चुकीचा जुळलेला किरणाकार, किरण गाळून घेणारा मोड क्लीनर, फोटोडायोड. ०.९७ चा १२ वा घात ०.६९४ येतो. म्हणजे ३१ टक्के गेले. १० डेसिबलने सुरुवात केली असेल तर ०.६९४ गुणिले ०.१ अधिक ०.३०६, म्हणजे ०.३७५. हाती उरले ४.३ डेसिबल. आणि स्फटिकाने अमर्याद दाबून दिलं असतं, तरी ५.१ च्या वर जाता आलं नसतं! म्हणून या लोकांचा जीव स्फटिकात कमी आणि एकेक टक्का वाचवण्यात जास्त अडकलेला असतो. माझ्या मते यंत्रविद्येतलं इतकं काटेकोर काम आज फार थोड्या ठिकाणी चालतं.

दुसरं कारण कोनाची डळमळ. दाबलेली बाजू ज्या दिशेला हवी तिथून कोन घसरला की फुगलेली बाजू मोजणीत डोकावते. १०० मिलिरेडियन, म्हणजे पावणेसहा अंशांची डळमळ धरा. १० डेसिबलवाल्याचे ७ उरतात. १५ डेसिबलवाल्याचे मात्र ४.६ च! जास्त दाबलं की दुसरी बाजू जास्त फुगते, आणि तीच उलटते. कोन सांभाळायला काही मेगाहर्ट्झने सरकवलेली एक मंद प्रकाशखूण दाबलेल्या पोकळीसोबत पाठवतात आणि तिच्यावरून सतत दुरुस्ती करतात.

दोन्हींतला खरा गुन्हेगार ओळखायची रीत अशी. हिरवा प्रकाश हळूहळू वाढवत न्यायचा आणि दाबलेली व फुगलेली अशा दोन्ही बाजू मोजायच्या. दाबलेली बाजू एका पातळीला येऊन थांबली तर दोष ऱ्हासाचा. एका टप्प्यानंतर ती उलट बिघडू लागली तर दोष कोनाचा. फुगलेल्या बाजूला ऱ्हासाचा फारसा धक्का बसत नाही. वरच्याच उदाहरणात ती १० वरून ८.६ डेसिबलवर येते. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की किती सांडतंय ते काढता येतं.

आणखी दोन उपद्रव. परतणारा चुकार प्रकाश स्फटिकाच्या कॅव्हिटीत शिरून पुन्हा बाहेर आला, तर त्या मांडणीचं हलणं संकेतात उतरतं, म्हणून लायगोत ही मांडणी निर्वातात आणि टांगत्या पाटावर ठेवली आहे. आणि हिरव्या प्रकाशाने केटीपी कालांतराने करडा पडतो, ऱ्हास वाढतो, तेव्हा किरण स्फटिकाच्या ताज्या भागावर सरकवावा लागतो.

आता आरशावरच्या दणक्याचं काय? कला दाबली की आयाम फुगतो, आणि कमी वारंवारितेला, काही दहा हर्ट्झच्या खाली, दणका वाढतो. म्हणजे वरच्या वारंवारितेला कला दाबलेली हवी, खालच्या वारंवारितेला आयाम. ही कसरत ३०० मीटर लांबीची फिल्टर कॅव्हिटी करते. दोन आरशांमधली ही कॅव्हिटी मुद्दाम थोडी विसंवादी ठेवतात. उंच वारंवारिता तिच्यात शिरतच नाहीत, जशाच्या तशा परततात. कमी वारंवारिता आत काही मिलिसेकंद रेंगाळतात आणि बाहेर पडताना त्यांचा कोन फिरलेला असतो. ३०० मीटर कशाला, तर प्रत्येक परावर्तनात थोडं सांडतं. तेवढे मिलिसेकंद १ मीटरच्या कॅव्हिटीत काढायचे तर लाखो फेऱ्या लागतील, आणि सगळी कमाई आरशांवरच संपेल. ३०० मीटरमध्ये काम काही हजार फेऱ्यांत होतं.

मे २०२३ पासूनच्या चौथ्या पर्वात हे सुरू झालं. पल्ला, म्हणजे घटना किती दूरवरून टिपता येते ते अंतर, १५ ते १८ टक्क्यांनी वाढला. ऐकायला थोडं वाटतं, पण घटना आकारमानात मोजतात: १.१८ चा घन १.६४. म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त घटना पदरात. २०२४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या यंत्राने ३५ ते ७५ हर्ट्झच्या पट्ट्यात पुंज गोंगाट प्रमाणित पुंज मर्यादेच्या ३ डेसिबलपर्यंत खाली नेल्याचं प्रसिद्ध झालं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांना मान्यता दिली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचं राजा रामण्णा केंद्र त्यात आहेत. आपल्याकडे चर्चा जमिनीची आणि कोटींची होते. मला वाटतं, मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून आजच प्रकाशीय मांडणीचे हात तयार व्हायला हवेत: भिंग पुसताना ओरखडा न पाडणारे, किरणाचा आकार शेवटच्या टक्क्यापर्यंत जुळवणारे. वरचा ३ टक्क्यांचा हिशेब औंढ्यालाही तसाच लागू होईल.

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. यातून गुरुत्वाकर्षण पुंजरूप असल्याचं सिद्ध होत नाही. इथे प्रकाश पुंजरूप आहे, आरसा पुंजरूप वागतो, आणि लहर साधी, अभिजात (क्लासिकल) धरली तरी सगळं जुळतं. ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे कण, असतील तर २०१५ च्या त्या घटनेत १० चा ७९ वा घात या घरात ते सुटले असणार. इतक्यांतला एक वेगळा कसा दिसावा? फ्रीमन डायसन यांनी तर दाखवलं की लायगोसारख्या यंत्राने एकच ग्रॅव्हिटॉन टिपायचा तर आरसे इतके जड आणि जवळ लागतील की त्यांचंच कृष्णविवर होईल.

तरीही स्फटिकातलं गणित आपल्याला विश्वाच्या सुरुवातीपर्यंत नेतं. फुगवटा सिद्धांतानुसार विश्व अतिशय वेगाने प्रसरण पावलं तेव्हा पोकळीच्या थरथरीला जो पंप मिळाला तो प्रसरणाचाच. हिरव्या फोटॉनातून जोडी निघावी तशा विरुद्ध दिशांच्या लहरींच्या जोड्या निघाल्या. १९९० मध्ये ग्रिश्चुक आणि सिदोरोव यांनी दाखवलं की अशा आद्य गुरुत्वीय लहरी दाबलेल्या अवस्थेत असणार. घनतेतल्या चढउतारांनाही हेच लागू होतं, आणि त्यातूनच पुढे दीर्घिका घडल्या. इथलं दाबणं शेकडो डेसिबलचं. मग वरचा कोनाचा नियम आठवा: जितकं जास्त दाबलं तितकी जराशी डळमळ घातक. आजूबाजूच्या कणांशी किंचित संबंध आला की दाबलेली अरुंद बाजू पुसली जाते, आणि उरलेलं साध्या अभिजात गोंगाटासारखं दिसतं. म्हणूनच त्याचा पुंज उगम थेट दाखवणं इतकं अवघड.

फुगलेली बाजू मात्र टिकते, आणि तिच्यासोबत कलाही. एकाच लांबीच्या सगळ्या लहरी एकाच वेळी हेलकावू लागल्या, एकाच तालावर चढवलेल्या झोक्यांसारख्या. कला विस्कटलेल्या असत्या तर शिखरं आणि दऱ्या एकमेकांत मिसळून सपाट झाल्या असत्या. वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वाच्या बाल्यातून उरलेल्या प्रकाशाच्या, नकाशात लाखात एक भाग एवढ्या चढउतारांत ती शिखरं स्वच्छ दिसतात. पहिलं आहे सुमारे १ अंशाच्या कोनावर, पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीवर.